दिगंबरला वगळून

भाकरीच्या तुकड्यांचं ताट घेऊन उल्हास तिसऱ्या रांगेपाशी आला आणि थबकला. रांगेतल्या पहिल्याच खुर्चीवर दिगंबर बसला होता. आज त्याला प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटला जाणारा हा तुकडा, द्यायचं नाही, असं चर्चच्या कमिटीने ठरवलं होतं.

तासाभरापूर्वी याच हॉलमध्ये उल्हासने मुलांचा बायबलचा वर्ग घेतला होता. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती मंडळीत जे वेगळं बोलत, त्यांना बाहेर काढत, त्यांच्याशी बोलणंचालणं बंद करत, त्यांची पुस्तकं जाळत. सांगताना तो स्वतःच हळहळला होता.

"पण काका, दे ऑल्सो बिलीव्ह्ड इन जीझस, राइट?" दिगंबरच्या मुलीने, सावनीने विचारलं होतं.

"हो गं. चूकच झाली ती," उल्हास म्हणाला होता. किती सहज म्हणून गेला होता.

दिगंबरचं म्हणणं तरी काय होतं? नागपूरला त्याची आई बाप्तिस्मा न घेता गेली. तेवढ्यासाठी ती नरकात असेल, हे तो मानायला तयार नव्हता, आणि तसं त्याने भर सभेत सांगितलं. पाळकसाहेबांनी परोपरीने समजावलं, शब्द मागे घ्या, विषय संपला. त्याने शब्द मागे घेतले नाहीत. मग कमिटीत हात वर झाले. उल्हासचाही झाला.

दिगंबरने मान वर करून पाहिलं.

"सॉरी यार," उल्हास पुटपुटला. "कमिटीचं ठरलंय."

"माहितीये. तू पुढे हो."

उल्हासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साताऱ्याला त्याचे वडील अण्णाही असेच गेले होते, बाप्तिस्म्याविना. ते नरकात आहेत हे त्याच्याही मनाला कधी पटलं नव्हतं. पण हे त्याने आजवर एकट्या दिगंबरपाशी बोलून दाखवलं होतं. कमिटीसमोर इतके प्रश्न झाले, इतकी उलटतपासणी झाली, तरी दिगंबरने अण्णांचा विषय काढला नव्हता.

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये खुर्च्या खेटून मांडलेल्या असत. पलीकडच्यांना तुकडे द्यायचे तर रांगेत शिरावं लागायचं. उल्हास ताट सावरत तिथेच घुटमळला. मागची माणसं बघू लागली.

दिगंबरने गुडघे बाजूला घेतले, उल्हासला पुढे जाता यावं म्हणून.