पेडलवरची झीज

क्लचच्या पेडलवरचं रबर वरच्या डाव्या कोपऱ्यात झिजलं होतं. तिनं व्हर्नियर लावून मोजलं. अर्धा मिलिमीटर. बाकीचं रबर दोन महिन्यांपूर्वी बसवलं तसंच होतं, नक्षीसकट. तिनं व्हर्नियर पुसून खिशात ठेवला आणि ती गाडीतून उतरली.

वर्कशॉपच्या दारात दादा उभा होता. त्याच्या हातात गाडीचं जुनं फ्लायव्हील होतं, कंपनीतून आलेलं, साडेआठ किलोचं. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून ते इतके दिवस दाराला टेकवून ठेवलं होतं.

"हे बसव परत," तो म्हणाला. "रविवारच्या आत."

"का?"

"का म्हणून वर तोंड करून विचारतेस? अख्ख्या मैदानासमोर गाडी बंद पडली. पहिल्या फेरीत पडली, दुसऱ्या फेरीतही पडली. झेंडा खाली आला, सगळे गेले, आणि मी तिथंच किल्ली फिरवत बसलोय. तुझ्या त्या हलक्या चाकापायी! गाडी आहे की शिलाई मशीन?"

"शिलाई मशीनलासुद्धा पाय लागतो, दादा."

बाबा लेथवर वाकले होते. त्यांचे हात थांबले, पण ते वळले नाहीत.

फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाला फिरणारं पोलादी चाक. ते जड असलं की फिरण्याचा जोर साठवून ठेवतं आणि चालवणाऱ्याच्या चुका पोटात घालतं. पण मग इंजिनही वेग घ्यायला आढेवेढे घेतं. चाक हलकं केलं की इंजिन चटकन उसळतं. मात्र गाडी सुटताना क्लच अलगद सोडावा लागतो. पाय जरा उतावळा झाला की इंजिन गप्प. हे सगळं तिनं दादाला कागदावर काढून दाखवलं होतं. त्यानं त्या कागदाला हात पुसले होते.

दुसरं एक चाक आणून तिनं ते सहा टप्प्यांत कापलं होतं. मधल्या बोल्टांच्या आसपास तिनं हत्यार लावलंच नाही. तिथं पोलाद कमी झालं असतं तर चाक फुटून माणसाच्या जिवावर बेतलं असतं. कापलं ते मागच्या बाजूनं, कडेचं. कडेचं वजन फिरवायला इंजिनाला सगळ्यात जास्त कष्ट पडतात. निघालेला कीस ती दर वेळी वजनकाट्यावर ठेवायची आणि आकडा वहीत लिहायची. अडीच किलो झाले तेव्हा ती थांबली.

बाबांच्या वर्कशॉपमध्ये एक नियम होता. ज्यानं कापलं, त्यानंच चालवून बघायचं. त्यामुळे प्रत्येक टप्प्यानंतर गिअरबॉक्स चढवून ती गाडी मागच्या आवारात काढायची. शेडपासून भिंतीपर्यंत ऐंशी पावलं. थांबायचं, सुटायचं, पुन्हा थांबायचं. एका टप्प्याला साठ वेळा. दादा कधी आवारात फिरकला नाही. तो थेट मैदानावर यायचा, हेल्मेट काखेत घालून.

शर्यतीचा अर्जही तीच भरायची. तीन वर्षं भरत होती. चालकाच्या नावाच्या रकान्यापाशी तिचं पेन दर वेळी थबकायचं. मग ती दादाचं नाव लिहायची आणि पेन उगाच झटकायची, जणू शाईच अडली होती. रविवारचा अर्ज आत्ता टेबलावर पडला होता. तो रकाना अजून कोरा होता.

"बाबा, सांगा हिला," दादा म्हणाला. "मैदानावर तोंड मला दाखवायचं असतं. ही इथं ग्रॅम मोजत बसते."

बाबांनी लेथ बंद केलं. हात पुसत ते पुढं आले.

"काम चोख आहे तुझं," ते तिला म्हणाले. "माझ्या हातून इतकं नेमकं झालं नसतं. पण ऐक, पोरी. चाक कसं हवं? चालवणाऱ्याच्या पायाला जमेल तसं. जुनं बसव आणि विषय मिटव."

दादानं जुनं चाक धप्पकन टेबलावर ठेवलं. अर्जाचा कोपरा त्याखाली दबला.

"चालवणाऱ्याच्या पायाला जमेल तसंच आहे ते," ती म्हणाली. "पेडल बघा."

बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं. मग ते गाडीचं दार उघडून गुडघ्यावर बसले. बॅटरीचा झोत पेडलवर पडला. त्यांनी झिजलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग मान वळवून दादाचे बूट पाहिले, रुंद, पेडल सगळंच्या सगळं झाकणारे. आणि मग तिचे पातळ तळव्यांचे कापडी बूट, डावा पुढच्या टोकाला गुळगुळीत झालेला.

"किती वेळा सुटलीस?" त्यांनी बसल्या जागेवरूनच विचारलं.

"तीनशे साठ."

"बंद किती वेळा पडली?"

"पहिल्या दिवशी चारदा. त्यानंतर एकदाही नाही."

"आवारात काय, कुणीही चालवेल," दादा हसला. पण हसू मध्येच विरलं, कारण बाबा हसले नव्हते.

तिनं दोन्ही हातांनी जुनं चाक उचललं. साडेआठ किलो. ते दारापाशी नेऊन तिनं पुन्हा दाराला टेकवलं. परत येऊन अर्जाचा दबलेला कोपरा तळहातानं सरळ केला आणि खिशातलं पेन काढलं.

"चाक दादासाठी कापलंच नव्हतं मी," ती म्हणाली. "रविवारी गाडी मी चालवणार."