आधीचा गिअरबॉक्स

“भाऊ, याच्यात आधी कुठलं इंजिन असेल हो?”

ज्योतीने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा धनसिंगने हातातला पाना बाकावर ठेवला.

“असेल दीड-दोनशे सीसीचं. आता कसं सांगणार?”

“तुम्हाला अंदाज असेल म्हणून विचारलं.”

अंदाज! धनसिंगने तिच्याकडे नीट पाहिलं. वय तिशीच्या आसपास. जळगावला तंत्रनिकेतनात शिकवते म्हणाली होती, राहायला तिथेच मेहरूणला. जळगावात काय मेकॅनिकांचा दुष्काळ होता? तरी ही बाई टेम्पोत गाडी टाकून थेट धुळ्याला, त्याच्याच गॅरेजवर आली होती.

गाडी म्हणजे खेळणंच. पुढे एक चाक, मागे दोन, फायबरची बॉडी, आत कशीबशी तीन माणसं मावतील. इंजिन कधीच कुणीतरी काढून नेलेलं. मागे नुसता गिअरबॉक्स लटकत होता.

पहिल्याच दिवशी धनसिंग गाडीखाली शिरला आणि तसाच पडून राहिला. गिअरबॉक्स ज्या लोखंडी पट्टीवर टेकवला होता, तिचं वेल्डिंग वाकडंतिकडं होतं. ते वेल्डिंग त्याच्या स्वतःच्या हातचं होतं. तेव्हा तो पंचविशीत होता, दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला होता.

बाहेर येऊन त्याने गाडीवर ताडपत्री ओढली. घरी बायकोला, कोकिळाला, सांगितलं, “आठ दिवस डबा घेऊन येऊ नको. धूर शे गॅरेजमा. मीच येस घर.”

त्या दिवसापासून त्याला झोप नव्हती.

“स्कूटरचं इंजिन बसवलं तर?” ज्योतीने वही उघडली. “हलकं आहे, सुटे भागही मिळतात.”

“रिव्हर्स नाही त्याला. गल्लीत अडकली तर उतरून ढकलाल का?”

“मग मोटरसायकलचं? ताकद जास्त.”

“त्याला समोरून वारा लागतो. इथे मागे, बंद पेटीत, दहा किलोमीटरमध्ये तापून बसेल. माझं ऐका, रिक्षाचं घ्या. पेट्रोलवालं. पंखा त्याचा त्यालाच आहे, इंजिन-गिअरबॉक्स एकत्र, रिव्हर्सही आहे. हा जुना गिअरबॉक्स टाका भंगारात.”

शेवटचं वाक्य त्याने जरा घाईने म्हटलं.

“नाही नाही, तो राहू द्या,” ती म्हणाली. “मला तो खोलून बघायचाय.”

“कशाला?”

“कळायला नको, काय झालं होतं ते?”

धनसिंगने पुन्हा पाना उचलला. “गाडी कुठून आणली म्हणालात?”

“मी कुठे म्हणाले?” ती हसली. “ते गुपित आहे.”

“गाव कोणतं तुमचं?”

“भडगाव.”

त्याने मान वळवली. या गाडीच्या मालकाची, अभिमनची, बायको पोटुशी असताना भडगावला माहेरी गेली होती. पुन्हा तिने सासरचं तोंड पाहिलं नाही. पोरगी झाल्याचं कानावर आलं होतं, तेवढंच. ती पोरगी आज एवढीच असेल.

दुसऱ्या दिवशी तो दुपारी जेवायलाही गेला नाही. ज्योती सकाळीच आली होती. त्याच्याकडून पाने मागून घेऊन तिने स्वतःच गिअरबॉक्स खोलला, आणि काळं तेल पुसत त्यातलं एक चक्र त्याच्यासमोर धरलं.

“बघा ना, भाऊ. दात झिजून गोल झालेत. उतारावर गिअर निसटला तर?”

“निसटत नाही सहसा.”

“हा निसटणारच. आणि हा दुसऱ्याच गाडीचा आहे. नंतर बसवलेला. बसवणाऱ्याला हे दिसलं नसेल का?”

धनसिंग फडक्याने हात पुसू लागला.

“दिसलं असणारच,” ती म्हणाली. “मग जाणूनबुजून असा गिअरबॉक्स कोण बसवतं?”

धनसिंग स्टुलावर बसला.

“बस झालं, ताई,” तो म्हणाला. “किती दिवस फिरवून फिरवून विचारणार? मीच बसवला. अभिमनला दुसऱ्या दिवशी नाशिकला जायचं होतं, घाई होती. चांगला मिळेना. मी भंगारातला टाकला आणि नवा आहे म्हणून सांगितलं. वाटलं, परत आला की बदलू. लळिंगच्या घाटात गिअर निसटला, गाडी सुटली. लोक म्हणाले, ब्रेक गेले. मीही तेच म्हणालो. एकतीस वर्षं तेच म्हणतोय. तुमच्या बापाला मी मारलं. आता पोलिसात जा, नाहीतर इथेच काय ते करा.”

ज्योतीच्या हातातलं चक्र तसंच राहिलं.

“भाऊ, काय बोलताय तुम्ही?” ती कशीबशी म्हणाली. “माझे वडील घरी आहेत. भडगावला. ही गाडी मी सावद्याच्या भंगारवाल्याकडून लोखंडाच्या भावात घेतली. भाव कळला तर तुम्ही हसाल, म्हणून सांगितलं नाही. कोण अभिमन?”

धनसिंग तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होता. नवरा जेवायला आला नाही म्हणून कोकिळा डबा घेऊन आली होती. कधीची उभी होती कुणास ठाऊक. तिची नजर ताडपत्री काढलेल्या गाडीवर होती.

“मना अभिमनदादा,” ती म्हणाली, “मना भाऊ, तुमनामुये गया?”