दोन दांडगे पंखे

जुन्या छोट्या गाडीत त्याने हौसेने मोठं इंजिन बसवलं आणि गाडी पहिल्याच चढावर वाफा सोडायला लागली.

"गॅरेजवाल्याला विचारून एक पंखा बसवा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली. पण विचारील तर तो कसला! सगळी दुकानं पालथी घालून त्याने रेडिएटरला सगळ्यांत दांडगे दोन पंखे लावले आणि गाडी बंद केली तरी फिरत राहावेत म्हणून थेट बॅटरीला जोडले. मग ऐटीत सासू-सासऱ्यांना नाटकाला नेलं.

नाटक सुटेपर्यंत पंख्यांनी बॅटरी पार पिऊन टाकली होती. सासूबाईंना स्टिअरिंगवर बसवून बाकीच्यांनी धक्का मारला. शेवटी घामाघूम झालेले सासरे बॉनेटवर टेकले.

"जावईबापू, इंजिन मात्र कसं गारेगार ठेवलंय हो!"