खडी येईपर्यंत

विश्रामला तिरडीवर बांधून झाले तेव्हा दारासमोरच्या गल्लीत डांबर ओतून झाले होते.

दर दोन वर्षांनी, पावसाच्या आधी, नगरपालिका जुन्या रस्त्यावर डांबराचा एक हात देई. रस्ता झाडायचा, ऊन डांबर ओतायचे, वर बारीक खडी पसरून रूळ फिरवायचा. त्या सकाळी काम गल्लीच्या टोकाला, विश्रामच्या घरापर्यंत आले. शेवटच्या चाळीस पावलांवर डांबर पडले आणि निरोप आला, खडीच्या बैलगाडीचे चाक चढणीवर मोडले. मे महिन्याच्या उन्हात डांबर तसेच उघडे चकाकत राहिले.

विश्राम गेला आदल्या दुपारी. मुलगा सत्यवान मुंबईहून दहाच्या एसटीने पोचला होता. आता बारा वाजत आले होते. उदबत्त्यांचा काही उपयोग उरला नव्हता. बायका पदर नाकाला लावून बसल्या होत्या. कावेरी, विश्रामची बायको, तेवढी तशीच बसली होती.

"खडी येयसर कोणी पाय ठेवूचो नाय," गुरुदास मुकादम खालच्या मानेने म्हणाला. "आणि ठेवतलास तरी कसो? खांदेकरी अनवाणी. कातडी सुटान येतली."

घरामागे खाडी होती. उरले गडग्यातले, दोन घरांमधल्या दगडी कुंपणातले, फाटक. ते हरिश्चंद्रच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उघडे आणि तिथून पंचवीस पावलांवर किनाऱ्याची वाट लागे, थेट मसणात जाणारी. हरिश्चंद्र विश्रामचा धाकटा भाऊ. नगरपालिकेत निवडून आलेला. गडग्यावरून दोघांचे बोलणे तुटले त्याला सात वर्षे झाली होती. फाटकाला कुलूप त्याचे होते.

सत्यवान गडग्याशी गेला. हरिश्चंद्र पडवीत बसला होता. आंघोळ करून, उघड्या अंगाने, ओला पंचा नेसून. भावाचे सुतक तो काटेकोर पाळत होता.

"काकानू, फाटक उघडा. पंचवीस पावलांचीच वाट आसा."

"गडगो कोणी घातलो?"

सत्यवानाने गडग्यावर टेकलेला हात काढून घेतला.

"तुझ्या बापाशीन घातल्यान. मगे तेका तेच्याच बाजून जावंदे."

"रस्तो ओलो आसा, काकानू."

"सुकांदे. मेलेल्याक कसली घाई?"

गुरुदासने हे ऐकले. तो दुसरीकडे पाहू लागला.

डांबराच्या कामावरच्या चार बाया फणसाखाली बसल्या होत्या. पायांना गोणपाट गुंडाळून सुंभाने बांधलेले. त्यांतली थोराड हौसाबाई उठून गुरुदासकडे आली.

"मुकादमानू, आमच्या पायांक गोणपाटां आसत. ती वाटेर घालतांव."

"आणि तुमचे पाय?"

"आमका सवय आसा."

गुरुदास हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. बायांनी सुंभ सोडले.

आठ तुकडे डांबरावर पसरले. तिरडी उचलली. खांदेकरी तुकड्यावर पाय ठेवत, तिरडी पुढे गेली की बाया मागचा तुकडा ओढून काढत आणि पुढे आणून घालत. डांबर सहजासहजी सोडत नव्हते. गोणपाटाच्या चिंध्या होत होत्या. बाया डांबरातून पाय उपटत धावत होत्या. हरिश्चंद्रच्या दारापर्यंत येता येता हाताला नुसते दोरे आले. पुढे दहा-बारा पावले उरली होती.

सत्यवानाने मडके धरलेला हात घट्ट केला आणि डांबरात पाय घातला. खांदेकरी त्याच्या मागोमाग गेले. एकाचा तोल गेला, तिरडी कलली, सावरली.

हरिश्चंद्र पडवीत उभा राहिला. तिरडी समोरून जाईपर्यंत त्याने हात जोडून धरले.

यात्रा वळणापलीकडे गेली आणि खडीची गाडी आली.

हरिश्चंद्र बाहेर आला. रस्ताभर पायांचे खड्डे उमटले होते, जागोजागी चिंध्या रुतल्या होत्या.

"गुरुदास, ह्या काय करून ठेवलंस? चार दिसांवर पावस इलो. हय पाणी मुरला काय सगळो रस्तो उखाळतलो. खरवडून काढ. नव्यान ओत."

"साहेब, बायांच्या पायांक काय नाय आता. पोती हाडूक बाजारात माणूस धाडतंय."

"बायांचे पाय नगरपालिका बघणा नाय. आत्ता."

गुरुदासने पिंपाखाली लाकडे सारली. बायांनी खोरी घेतली. खरवडलेले डांबर लोळागोळा होऊन त्यांच्या घोट्यांपर्यंत चिकटत होते. एकीने पाय उचलून पाहिला आणि पुन्हा खाली ठेवला. थोड्या वेळाने ऊन डांबराच्या झाऱ्या भरल्या.

कावेरी दारात उभी होती. कपाळ पुसलेले, हात मोकळे. ती आत गेली आणि विश्रामची दोन धोतरे घेऊन आली.

"अगो कावेरी, ती धोतरां दिवसकार्याक लागतली," शेजारची सुभद्रा म्हणाली.

कावेरीने धोतराची कड दातात धरून तोडली आणि धोतर उभे फाडले. मग दुसरे. पट्ट्या घेऊन ती रस्त्याच्या कडेला बसली आणि हौसाबाईला हाक मारली. हौसाबाई मागे सरकली.

"नको गे बाई. तू सुतकात."

"पाय हाड."

हौसाबाईने पाय पुढे केला. कावेरीने टाच मांडीवर घेतली. डांबराबरोबर कातडी निघत होती, म्हणून तिने डांबर काढले नाही, वरूनच पट्टी गुंडाळू लागली. बाकीच्या तिघी हातात झाऱ्या धरून उभ्या राहिल्या.

"गुरुदास," हरिश्चंद्र म्हणाला, "डांबर थंड होऊक लागला रे."