पंधरा ते वीस किलो

लाइफ जॅकेटची चेन छातीपर्यंत आली आणि अडली. नोरिआकी म्हणाला, पोट आत घे. चिगुसाने घेतलं, श्वासही रोखून धरला, तरी चेन हलेना.

"अहो, ओढताय काय असं? पोरगी आहे, गादीची खोळ नाही!" ओकुनोबाई शेडमधून ओरडल्या. बिवा सरोवराच्या काठी कयाक होड्या भाड्याने देण्यात त्यांचे तीस उन्हाळे गेले होते. समोर कोण आहे ते बघून त्यांची जीभ कधी वळली नाही.

त्यांनी चिगुसाच्या अंगातलं जॅकेट उतरवलं आणि आतली पट्टी वाचली. "पंधरा ते वीस किलो. हिचं वजन किती?"

"अठरा असेल," नोरिआकी म्हणाला.

"सव्वीस," चिगुसा म्हणाली.

"अठरा कुठे नि सव्वीस कुठे! लाइफ जॅकेट वजन बघून घ्यायचं असतं, रंग बघून नाही. हे घालून कयाक उलटली ना, तर जॅकेट तरंगेल आणि पोरगी जाईल तळाला."

रंग मात्र त्याने खरंच बघितला होता. चिगुसाला पिवळा आवडायचा, म्हणून ओसाकाच्या दुकानात तासभर उभं राहून पिवळंच शोधून आणलं होतं. लेक एक वर्ष चार महिन्यांनी भेटत होती, तीही कोर्टाने घालून दिलेल्या चार तासांपुरती. सकाळी तिची आई तिला स्टेशनवर सोडून गेली होती. ती परत न्यायला येईपर्यंत त्याला बाप व्हायचं होतं, एवढंच. आणि झालं काय, तर हात दाखवून अवलक्षण.

"असू दे. आमच्यातलं एक देते," ओकुनोबाई म्हणाल्या.

"माझ्याकडे आहे." चिगुसाने पाठीवरची पिशवी पुढे घेतली आणि तळातून एक नारिंगी जॅकेट काढलं. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून काढलं नव्हतं."

आठ वर्षांच्या पोरीने आपलं मन राखावं, हे त्याला बाईंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

तिने जॅकेट स्वतःच चढवलं. चेन लावली. कमरेचा पट्टा आधी, मग त्याच्या वरचा, असे खालून वर एकेक आवळत नेले. मांड्यांमधून जाणारा पट्टा पुढे घेऊन बक्कल अडकवलं. शिट्टी चटकन हाताला लागेल अशी बाहेर काढली. आणि दोन्ही हात वर करून त्याच्यासमोर उभी राहिली.

"आता खांद्याला धरून वर ओढा. जोरात. कानापर्यंत आलं तर ढिलं समजायचं."

त्याने ओढलं. जॅकेट तसूभरही सरकलं नाही.

"शाब्बास! कुणी शिकवलं गं?" ओकुनोबाई खूश झाल्या.

"बाबांनी."

बाईंनी कौतुकाने नोरिआकीकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. त्याने तिला कधी काही शिकवलंच नव्हतं.

ओढताना गळ्याची पट्टी उलटली होती. आत जाड पेनने नाव घातलेलं होतं, छत्रीवर नि डब्यावर घालतात तसं. अक्षर तिच्या आईचं. सेगावा चिगुसा. आईने दुसरं लग्न केल्याचं त्याच्या कानावर होतं. त्या सेगावाने मुलीला दत्तक घेऊन आपलं आडनाव दिलं, हे त्याला कुणी कळवलं नव्हतं. कायद्याने कळवायची गरजही नव्हती.

"हा फॉर्म भरा, म्हणजे सुटलात." बाईंनी पेन पुढे केलं.

त्याने सवयीने मुलीच्या नावापुढे आपलं आडनाव हिराइवा लिहिलं, मग खोडलं, मग सेगावा लिहिलं. बाई वाकून बघत होत्या.

"तुमचं हिराइवा, हिचं सेगावा. नातं काय लिहायचं?"

त्याने तोंड उघडलं.

"काका," चिगुसा म्हणाली. "आईने सांगितलंय, कुणी विचारलं तर काका सांगायचं."

नाही म्हणावं, तर बाईंसमोर पोरगी खोटी पडणार. त्याने रकान्यात काका असं लिहिलं. नीट, सुवाच्य लिहिलं.

"मग पालकांना विचारावं लागेल. गैरसमज नको, पाण्याचं काम आहे," बाई म्हणाल्या. चिगुसाने बाबांचा, म्हणजे सेगावाचा, नंबर घडाघडा सांगितला, एकही आकडा न चुकता. नोरिआकीचा नंबर तिला येत होता की नाही, कोण जाणे.

बाई फोनवर बोलल्या. हो, सरोवरावरून. हो, जॅकेट अगदी मापाचं आहे. हिचे काका आलेत ना, ते नेतायत. मग बाईंनी फोन नोरिआकीच्या हातात दिला. "परवानगी आहे म्हणतात. पण तुमच्याशी बोलायचंय."

त्याने फोन कानाला लावला. शिवी ऐकायचीही तयारी होती त्याची.

"पाण्यात गेली की ती एकदम गप्प होते," पलीकडचा माणूस सांगत होता. आवाज चांगला होता, घाई नसलेला. "घाबरली असं समजून परत फिरू नका. फार आवडलं की ती बोलत नाही."

नोरिआकी फोन कानाला धरूनच, समोर माणूस असल्यासारखा, आभाराने कमरेत वाकला. "सांगितलंत ते बरं झालं," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं."