तिसऱ्या हाकेला

दुपारी पुण्याहून नवऱ्याचा फोन आला, तेव्हा त्याचं प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकू येत होतं. आधी त्याच्या आवाजात, मग मागून जरा खोल, ओल्या आवाजात. "ते वाय-फाय कॉलिंग बंद करून बघ," तो वैतागून म्हणाला. मी फोन ठेवला आणि लगेच बंद केलं.

मग स्वतःच्याच मूर्खपणाचा राग आला. आमचं घर दोन डोंगरांच्या बेचक्यात. इथे एक काडीसुद्धा रेंज नसते, साधा कॉल लागतो तो केवळ त्या वाय-फाय कॉलिंगमुळे. ते परत चालू करणार, तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर 'नो सर्व्हिस' आणि खाली नवऱ्याचं नाव.

"उचलू नकोस," तांदूळ निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या. तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. जिवंत माणूस तीनदा हाक मारतं, 'ते' दोनदाच. फोनलाही त्या हेच लावायच्या आणि मी हसायचे.

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला, थांबला. तिसऱ्यांदा वाजलाच नाही.

"बघितलंस?" त्यांनी सूप खाली ठेवलं. आज मला हसू आलं नाही.

एवढ्यात मागच्या विहिरीकडून माझ्या नवऱ्याची हाक आली. "आई गं!" तोच खोल, ओला आवाज.

मी सासूबाईंचा हात धरायला वळले, पण त्या केव्हाच उठून मागच्या दारापाशी पोचल्या होत्या.

"आले रे बाळा!"

पहिल्याच हाकेला.