गाडीची किल्ली

बाबांच्या गाडीच्या हेडलाइटचे दोन्ही बल्ब गेल्या दिवाळीत मीच बदलले, मोबाइलवर व्हिडिओ बघून. आठच दिवसांत बाबा म्हणायला लागले, "अरे, अंधार पडला की समोरचा रस्ताच दिसत नाही."

"डोळे गेलेत तुमचे. पुरे झालं आता गाडी चालवणं," म्हणत मी किल्ली काढून घेतली. चष्म्याचा नंबर तोच आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी मी ऐकलं नाही. त्यांचं रोज संध्याकाळी फ्रीगंजला मित्रांकडे जाणं बंद झालं. गाडी कव्हर घालून उभी राहिली आणि बाबा गॅलरीत बसून.

आज गाडी विकायला काढली, म्हणून देवास गेटच्या मिस्त्रीला दाखवायला नेली. त्यानं बॉनेट उघडलं, दोन्ही बल्ब बाहेर काढले आणि कपाळाला हात लावला.

"भैया, ये तो दोनों उल्टे ठूँस रखे हैं. सारी रोशनी पेड़ों पर जाएगी, सड़क क्या दिखेगी? किसने लगाए?"

"पिताजी ने," मी म्हणालो. "उनको अब ठीक से दिखता नहीं."